तीन पायांवर दोन खुर्च्या

टॅगर्टची तपकिरी व्हॅन आमच्या घरासमोर उभी होती, आणि मी अजून मेलो नव्हतो. न्हाव्याकडून परत येत होतो. मानेवर कापलेले बारीक केस टोचत होते, सरोवरावरचा मार्चमधला वारा कॉलरीतून आत शिरत होता, आणि डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. फार तर एवढंच, की यंदा आपल्या बेसबॉल क्लबकडे एकही धड डावखुरा पिचर नाही आणि ही माणसं हंगामाची तिकिटं मात्र दरवर्षी महाग करतात. कोपरा वळलो तर ही व्हॅन. क्लीव्हलंडमध्ये जुन्या बेसबॉलच्या वस्तू जमवणारे आम्ही जे काही म्हातारे उरलो आहोत, चेंडू, चित्रांचे पत्ते, तिकोनी झेंडे, फाटक्या तिकिटांची अर्धुकं, पिवळ्या पडलेल्या हंगाम-पुस्तिका, खेळाडूंची चरित्रं असलं सगळं तळघरात भरून ठेवणारे, त्या आम्हा सगळ्यांना वेंडेल टॅगर्टची व्हॅन ओळखू येते. त्याचं दुकान आहे, पण गिऱ्हाइकाची वाट बघत तो तिथे बसून राहत नाही. तो घरी येतो. हातात डोनटचा खोका असतो, तोंडात गोड भाषा असते, सहज आलो म्हणतो. आणि तो ज्या घरी सहज येतो तिथला माणूस पुढच्या हंगामाचा पहिला सामना बघत नाही. त्यात जादूटोणा काही नाही. डॉक्टर आधी बायकोला सांगतो, आणि तळघरातल्या पसाऱ्याचं काय करायचं या काळजीनं बायको टॅगर्टला फोन करते. नवऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही डोनट खाताना. बर्नी कोवाचकडे तो गेल्या वर्षी फेब्रुवारीत आला होता. बर्नीनं मला फोन केला आणि म्हणाला, "टोनी, काळ आलाय रे घरी. डोनट घेऊन आलाय." आम्ही दोघं खूप हसलो. एप्रिलमध्ये मी त्याच्या शवपेटीला खांदा दिला.

पॉर्चच्या पायऱ्यांशी येऊन थबकलो. टॅगर्ट आमच्या खुर्च्यांपाशी उकिडवा बसला होता आणि मोजपट्टीनं माप घेत होता. पट्टीचं दुसरं टोक जोझीनं धरलं होतं. माझ्या बायकोनं. मला बघितल्याबरोबर तिनं टोक सोडलं आणि पट्टी सर्रकन टॅगर्टच्या हातात परत गेली.

"लवकर आलास," जोझी म्हणाली. "गर्दी नव्हती?"

"डोक्यावर उरलंय काय वेळ लागायला."

"टोनी, तब्येत झकास दिसतेय तुमची," टॅगर्ट उठता उठता म्हणाला. गुडघे झटकले त्यानं.

"का? दुसरं काही ऐकलं होतंस?"

"छे हो. इकडून चाललो होतो, म्हटलं खुर्च्यांना गंज चढलाय का बघावं. पॉर्चवर ओल फार."

"गंज मोजपट्टीनं मोजतोस?"

"टोनी," जोझी मध्ये पडली, "आत चल. डोनट आणलेत त्यानं. जर्दाळूच्या मुरंब्याचे."

मी आत गेलो आणि डोनट खाल्ला. काय करणार? चव लागली नाही.

त्या खुर्च्या म्हणजे आमचं लग्न आहे असं जोझी एकदा पाहुण्यांना म्हणाली होती, आणि मला ते फार बायकी वाटलं होतं. पण खोटं नाही. जुनं मैदान पाडायचं ठरलं त्या हिवाळ्यात लोकांना आपापल्या खुर्च्या विकत दिल्या क्लबनं. कडाक्याच्या थंडीत आम्ही रांगेत उभे राहिलो. माझ्या खिशात पाना, तिच्या थर्मासमध्ये कॉफी. आमच्याच दोन खुर्च्या हव्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या चालल्या नसत्या. पायऱ्यांच्या कडेची माझी, कारण मला बिअर आणायला सारखं उठावं लागायचं. आतली तिची. आयुष्यभर ती माझ्यासमोरून आत गेली आहे, आणि दर वेळी म्हणाली आहे, "पाय घे, टोनी." सामना रंगात आलेला असायचा, शेवटची खेळी चाललेली असायची, मागचे लोक शिव्या घालायचे, आणि मी मैदानावरची नजर न काढता गुडघे आत ओढून घ्यायचो. या खुर्च्या लाकडी पट्ट्यांच्या, पण पाय बिडाचे, आणि गंमत अशी की दोन खुर्च्यांना पाय तीनच. एक तिच्या बाहेरच्या बाजूला, एक माझ्या बाहेरच्या बाजूला, त्याच्यावर क्लबचं चिन्ह ओतलेलं, आणि तिसरा दोघांच्या मधला, सामाईक. एक खुर्ची वेगळी काढली तर एक तरी लंगडी होते. हे टॅगर्टला ठाऊक, मला ठाऊक. जोडी मोडायची असेल तर चौथा पाय शोधून आणावा लागतो, त्याच मैदानाचा, त्याच ओतकामाचा. आणि माप घेतात ते त्याच्यासाठी. विकायची तर जोडी विकतात, ठेवायची तर जोडी ठेवतात. मोडायचं माप फक्त एकाच कारणासाठी घेतात. एक माणूस राहणार असतं आणि एक जाणार असतं.

मी विमा कंपनीत जन्म काढला. जळलेल्या घरांची पाहणी करायची आणि आग कशी लागली ते लिहून द्यायचं. भिंतीवरची काजळी कुठे दाट आहे, काच आतून तडकली आहे की बाहेरून, मालक बोलताना कुठे बघतो, यावरून मला कळायचं. माणसाला आपलं घर कसं जळलं ते सांगताना रडू येतं, पण खोटारडा आधी सामानाची यादी सांगतो. असली हुशारी घरी वापरायची नसते हे मला माहीत आहे. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की मग काही इलाज नसतो. त्या रात्रीपासून मी जोझीकडे जळलेल्या घराकडे बघावं तसं बघू लागलो, आणि सगळीकडे काजळी दिसू लागली. जानेवारीत आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो होतो, दरवर्षी जातो तसे. दोघांचंही रक्त घेतलं. आठवड्यानं परत बोलावलं, तेव्हा डॉक्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली, टोनी घोडा आहेस म्हणाला, आणि मला बाहेर बसवून जोझीला आत घेतलं. दार लोटून घेतलं. मी बाहेर एक मासिक चाळत बसलो. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, काय एवढं बोलत होता? "तुझ्या गोळ्या," ती म्हणाली. "तुझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून मला सांगतो." मला तेव्हा पटलं होतं. आता रात्री छताकडे बघत मी ते दार पुन्हा पुन्हा लोटलं जाताना पाहत होतो. घोडा म्हणाला. ज्या घोड्याला गोळी घालायची त्याच्याही पाठीवर आधी थाप मारत असतील.

मग बाकीचं जुळत गेलं. फेब्रुवारीत तिनं मला कपडे धुण्याचं यंत्र चालवायला शिकवलं. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, गरम पाणी कशाला नाही. मी म्हटलं, "इतकी वर्षं मी या यंत्राला हात लावला नाही आणि आता काय नोकरी करायचीय का मला?" ती म्हणाली, "कर रे, डोकं चालतं राहतं." नंतर घेवड्याचं सूप. तिच्या आईचं सूप ते, आंबवलेला कोबी घातलेलं, कुणाला शिकवायची नाही जोझी, सख्ख्या मुलीलासुद्धा अर्धंच सांगितलेलं. मला ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाली, "घेवडा रात्री भिजत घालायचा. विसरलास तर सूप करायचंच नाही, तयार घेवड्याचा डबा फोडायचा नाही. कळलं?" मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असणार, त्याला गुंतवून ठेवा, विचार करायला वेळ देऊ नका. मरणाऱ्या माणसाला सूप कशाला शिकवतात बायका, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी कांद्यावर ढकलायचो. ती स्वतः जेमतेम चार चमचे खायची. माझ्या काळजीनं अन्न जात नाही बिचारीला, असं मला वाटायचं. तिचा हिवाळी कोट खांद्यांवरून ओघळायला लागला होता. मी मनात म्हणायचो, बघ टोनी, तुझ्यापायी कशी झिजतेय ही. आणि एवढं करून तिला एका शब्दानं विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. जोझीला खोटं बोलता येत नाही, टाळता येतं फक्त. म्हणून मी विचारत नव्हतो.

तळघरात जाऊन बसायचो. खाली माझी पुस्तकं आहेत, छतापर्यंत, जुन्या शाईचा आणि दमट पुठ्ठ्याचा वास आहे, मान डोलवणाऱ्या बाहुल्या आहेत एका फळीवर. मी जिना उतरलो की पायांच्या हादऱ्यानं त्या सगळ्या एकदम हो-हो करायला लागतात. पूर्वी मजा वाटायची, आता अंगावर काटा येत होता. मी त्यांना विचारलंच नव्हतं काही. एका काचेच्या पेटीत एक चेंडू आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी सगळ्या संघानं सह्या केलेला. शाई उडेल म्हणून मी त्याला लाखेचं पॉलिश चढवलं. तेव्हा सगळेच असं करायचे, वर्तमानपत्रात छापून यायचं तसं करा म्हणून. जोझीनं चेंडू दोन बोटांत धरला होता आणि मी ब्रश फिरवत होतो. ती म्हणाली होती, "असं गुदमरवू नकोस त्याला." मी म्हटलं, "तुला काय कळतंय?" वर्षागणिक ती लाख तपकिरी होत गेली आणि नावं आत बुडत गेली. आता तीनचार वाचता येतात. बाकीचे खेळाडू खाली कुठेतरी आहेत. एका बाजूला जोझीचा अंगठा उमटलाय, ओल्या लाखेत टेकला होता तो. टॅगर्टनं एकदा भिंग लावून बघितला होता चेंडू आणि म्हणाला होता, "सह्या गेल्या टोनी, हा अंगठा तेवढा स्पष्ट आहे. अंगठ्याला कोण पैसे देणार?" मी त्याला शिवी हासडली होती. आता त्या पेटीसमोर बसून वाटत होतं की टॅगर्ट येईल, फळ्या रिकाम्या करील, बाहुल्या खोक्यात मान हलवत जातील, आणि हा चेंडू कुणी घेणार नाही म्हणून तो इथेच राहील, काळोखात. मला मरणाची भीती वाटत होती. सरळ सांगतो, वाटत होती. आणि त्या भीतीच्या मागे मला राग होता, की हिनं माझ्याआधी त्याला बोलावलं. मी मेल्यावर एका खुर्चीवर बसून ही सामने ऐकणार, आणि माझी खुर्ची, चिन्हाची, कडेची, जास्त किमतीची, ती एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यात जाणार.

बर्नीची विधवा अ‍ॅग्नेस, तिनं जोडी ठेवली आहे. डिसेंबरात आम्ही तिला भेटायला गेलो होतो. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या, टीव्हीसमोर. एकीवर ती बसते आणि बर्नीच्या खुर्चीवर तिची पर्स असते. आम्ही होतो तेवढ्या वेळात दोनदा ती पर्सकडे वळून काहीतरी म्हणाली, आणि मग आमच्याकडे बघून हसली. मला ते छान वाटलं होतं, निष्ठा वगैरे. गाडीत बसल्यावर मी तसं बोललोही. जोझी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "माझ्या घरात असं मी होऊ देणार नाही." मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे असं रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राहणं. ठेवायचीच नाही मुळी." तेव्हा मी रेडिओ लावला. आता तळघरात बसून ते वाक्य आठवलं आणि सगळा हिशेब लागला. ठेवायचीच नाही. ठरलेलंच होतं तिचं.

एकदा मी चाचपून बघितलं. शुक्रवार होता, मासे तळले होते तिनं, स्वतःच्या ताटात एक तुकडा घेऊन चिवडत बसली होती.

"पहिल्या सामन्याला जायचं ना?" मी म्हटलं.

"थंडी असते रे एप्रिलमध्ये."

"दरवर्षी असते. तू घोंगडी घेतेस."

"बघू."

"बघू काय? तिकिटं काढायची झाली तर आत्ता काढावी लागतील. दोन काढू की एक?"

तिनं काटा खाली ठेवला. माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता सांगणार. "तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

"मला काय वाटायचंय? मासे खारट झालेत."

"झालेत थोडे," ती म्हणाली, आणि उठून ताट घेऊन गेली. जरा वेळानं आतून म्हणाली, "रोझान येतेय ईस्टरच्या आधीच. सुट्टी काढलीय तिनं." रोझान आमची मुलगी, फिनिक्सला असते, तिला मरायला सवड नसते. तिनं सुट्टी काढली. म्हणजे तिलाही सांगितलंय, मी मनात म्हटलं. सगळ्यांना सांगून झालंय.

शनिवारी सकाळी टॅगर्ट आला. ऊन पडलं होतं, पण नुसतं दिसायला. मी पॉर्चवर माझ्या खुर्चीत बसलो होतो, मुद्दाम. ठरवलंच होतं, की माझ्या बुडाखालून ओढून ने म्हणावं. यावेळी डोनट नव्हते. व्हॅनच्या मागून त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड काढलं आणि पायरीवर ठेवलं. गोणपाट बाजूला सरकलं. बिडाचा पाय. हिरवा रंग, ठिकठिकाणी उडालेला, आमच्यासारखाच. चौथा. जोझी दारात येऊन उभी राहिली, कोट घालून, हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतलेले.

"टोनी, जरा उठता का?" टॅगर्ट म्हणाला.

"नाही उठत."

"पाच मिनिटांचं काम आहे. बोल्टला तेल सोडतो आणि..."

"हे बघ टॅगर्ट, तुझा धंदा आहे, मला मान्य. पण माणूस बसलेला असताना त्याची खुर्ची नेत नाहीत. मी मेल्यावर ये. तेव्हा खुशाल ने. मी काही बोलणार नाही तेव्हा."

टॅगर्टनं जोझीकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. इतक्या घरांमध्ये गेलेला माणूस तो, पण त्याला कुठे बघावं ते कळेना. "सांगितलं नाहीत तुम्ही?" तो हळूच म्हणाला.

"सांगायला कशाला हवंय?" मी म्हटलं. "मला काय डोळे नाहीत? मला सगळं कळलंय केव्हाच."

"कळलंय?" जोझी म्हणाली.

"केव्हाच."

तिच्या खांद्यांवरचा ताण एकदम गेल्यासारखा वाटला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच तोंड उघडावं लागणार. सुरू कर वेंडेल. राहू दे त्याला बसलेला, त्याचं काही नडत नाही."

टॅगर्ट खाली बसला. बोल्टमध्ये तेल सोडलं, पाना लावला. मी समोर रस्त्याकडे बघत होतो. गंजलेला बोल्ट आधी कुरकुरला आणि मग सुटला. पण माझ्या खुर्चीला हादरा बसला नाही. मी खाली बघितलं. तो पलीकडे होता. तिच्या बाजूला.

"अरे, चुकतोयस," मी म्हटलं. खरंच मदत करायची म्हणून म्हटलं. "ही आतली आहे. कडेची माझी, चिन्हाची. ती न्यायचीय ना तुला?"

"नाही टोनी."

"कडेची सोडून आतली कोण नेतो? तिला गिऱ्हाईक तरी मिळतं का? धंदा करतोस की भजन?"

"बाईंनी आतली न्यायला सांगितलीय," टॅगर्ट म्हणाला. मान वर केली नाही त्यानं. "मधला पाय तुमच्या खुर्चीला राहू द्यायचा, मूळचाच. नवा पाय न्यायच्या खुर्चीला लावायचा."

मी जोझीकडे वळलो. कोट, खांद्यांवरून ओघळलेला. बाह्यांत ओढून घेतलेले हात. चार चमचे सूप. दोघांचं रक्त घेतलं होतं. लोटलेलं दार. हे सगळं माझ्यासमोर होतं, सबंध हिवाळाभर होतं, आणि मी ते एक एक करून उचललं होतं आणि स्वतःच्या नावावर लिहिलं होतं.

"तू म्हणालास कळलंय," ती म्हणाली.

मी तिच्या खुर्चीच्या पट्टीवर हात ठेवला.

"अ‍ॅग्नेसला बघितलंस ना," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं असा. "ती निदान पर्स ठेवते तिथे. तू तर काहीच ठेवणार नाहीस. दिवसभर त्या खुर्चीशी बोलत बसशील, आणि जेवायचं विसरशील. मला नकोय ते. वेंडेलला सांगितलंय, गावाबाहेर विक. कुठे रस्त्यात दिसायला नको तुला."

"किती..." मी म्हटलं.

"पहिला सामना ऐकीन, असं डॉक्टर म्हणतो. रेडिओवर. त्यानंतरचं त्याला विचारलं नाही मी." मग म्हणाली, "घेवडा भिजत घातलायस का?"

मी घातला नव्हता.

टॅगर्टनं तिची खुर्ची उचलली तेव्हा ती इतकी हलकी होती की मला राग आला. नवा पाय लावून त्यानं ती व्हॅनमध्ये उभी केली, दोरीनं बांधली. पैशांचं पाकीट जोझीकडे द्यायला पुढे आला तर तिनं ते माझ्याकडे द्यायला लावलं. मी घेतलं, कशासाठी घेतोय ते न कळून. तो टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि गेला. व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघांनी बघितली. माझी खुर्ची नीट उभी होती, दोन्ही पायांवर, जराही न डगमगता. शेजारी पॉर्चच्या फळ्यांवर एक चौकोन उरला होता, रंग न उडालेला, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला, तिच्या खुर्चीचा पाय होता तिथे, गंजाचा डाग.

जोझी आत गेली. मला ऐकू येत होतं, कपाट उघडलं, भांड्यात घेवडा ओतला, नळ सोडला. थोड्या वेळानं ती घोंगडी घेऊन बाहेर आली, सामन्याला नेते ती, आणि पॉर्चवरून माझ्या दिशेनं चालत आली, आतल्या खुर्चीकडे जायला निघाल्यासारखी. मी रस्त्याकडे बघत होतो. तिची पावलं जवळ आली, आणि मी सवयीनं पाय आत घेतले.